अण्णांची ग्रेव्ह एरर

“ऊठ! टायपणार न्हाय मी! ही चूक ग्रेव्ह न्हाय!”

शाहूपुरीतल्या आपल्या टायपिंगच्या दुकानात बसाप्पा अण्णा गरजत होते. समोरचा पतसंस्थेचा कारकून स्टुलासकट मागं सरकला होता. ड्यूटीवर झोपला म्हणून त्याला नोटीस आली होती आणि इंग्रजीत माफीनामा द्यायचा होता.

“अण्णा, सायबास्नी वजनदार वाटलं पायजे. घाला की एक ग्रेव्ह एरर!”

“नुसता झोपलास का घोरलास?”

“घोरलो.”

“मग सीरियस एरर. ग्रेव्ह न्हाय म्हंजे न्हाय!”

अण्णांचा आवाज असा, की स्टेशनातली गाडीसुद्धा त्यांचं बोलणं संपल्यावरच शिट्टी द्यायची. नव्वद साली मी शेजारी छत्र्या दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हापासून माझा डावा कान सुट्टीवर आहे. कोल्हापुरातले निम्मे माफीनामे अण्णांच्या मशीनवर जन्मले. पण ‘ग्रेव्ह एरर’ हे शब्द ते तूप वाढल्यासारखे जपून वाढायचे. आधी उलटतपासणी, मग निकाल. “जी चूक माफी मागून भागत न्हाय, ती ग्रेव्ह,” हा त्यांचा कायदा. एकदा एक कंपाउंडर आला. एकाचं औषध त्यानं भलत्याच म्हातारीला दिलं होतं. म्हातारी वाचली, पण थोडक्यात. त्याला अण्णांनी एकही प्रश्न विचारला नाही. गुपचूप ते दोन शब्द टाइप केले आणि त्याला रस्त्यापर्यंत पोचवून आले.

दुकानात दुसरं एक मशीन होतं, कापडाखाली झाकलेलं. त्याला कुणी हात लावायचा नाही. दर दिवाळीला अण्णा त्याची रिबन बदलायचे. ते गिरिजाचं, त्यांच्या लेकीचं. ती त्यावरच इंग्रजी शिकली आणि एक दिवस गडहिंग्लजच्या एका मास्तराबरोबर परस्पर लग्न करून मोकळी झाली. अण्णा तेव्हा एवढं ओरडले, की माझ्या दुकानातल्या मिटलेल्या छत्र्या उघडल्या.

त्यानंतर दुपारी पोस्टमन गल्लीत शिरला की अण्णांची बोटं थांबायची. तो पुढं गेला की परत टकटक सुरू. मधे कॉम्प्युटर आले, गिऱ्हाईक आटलं, टकटकही आटली. थांबणं तेवढं राहिलं.

एकदा मी विचारलंच, “अण्णा, पोरगीनं कधी पत्र टाकलं न्हाय?”

“टाकलं की. लग्न झाल्यावर लगेच. इंग्रजीत. ‘माझ्या हातून ग्रेव्ह एरर झाली, अण्णा, माफ करा.’”

“मग?”

“त्या शब्दांखाली लाल रेघ मारली, बाजूला ‘राँग यूज’ लिवलं आणि परत धाडलं.”

मी कपाळावर हात मारला. “अहो, पोरगी माफी मागत्या आणि तुम्ही पेपर तपासता?”

“राँगच हुतं!” अण्णा गरजले, आणि मग त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला. “मनाजोगता नवरा केला तिनं. त्यात ग्रेव्ह काय हाय? असं लिवायला नको हुतं पोरीनं.”

“हे लिहिलंत तिला?”

“राँग यूज लिवलं की. त्यात आलंच सगळं.”

पुढच्याच महिन्यात मी एका लग्नाला गडहिंग्लजला गेलो आणि पत्ता काढत गिरिजाचं घर गाठलं. ती पुढच्या सोप्यात जोंधळं पाखडत बसली होती. बापासारखीच नजर. मी सगळं सांगितलं. लाल रेघ कशाची होती, तेही. अण्णा अजून पोस्टमनची वाट बघतात, तेही. सुपातलं जोंधळं थांबलं. ती आत गेली आणि बऱ्याच वेळानं चहा घेऊन आली. कप माझ्यापुढं ठेवला, सूप परत हातात घेतलं.

“मग अण्णांनी तसं लिवायचं की,” ती म्हणाली.