गायकवाडांची डबल बेल

आमच्या सोलापुरातल्या भवानी पेठेत संध्याकाळी मालिकांच्या वेळेला कधी आलात आणि एखाद्या घरातून स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजल्याचा आवाज ऐकू आला, तर कुणी पाणी मागतंय असं समजू नका. तो गायकवाडांनी टीव्हीला सोडलेला हुकूम असतो. गायकवाड एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊन बरेच दिवस झाले, पण हात अजून घंटीच्या दोरीवरच आहे. एकदा वाजवली की गाडी थांबवा, दोनदा वाजवली की सोडा, हा एसटीचा कायदा त्यांनी मालिकांनाही लावलाय. नायक नायिकेसमोर येऊन उभा राहतो, ओठ हलवतो, बोलत काहीच नाही. लगेच गायकवाड पेल्यावर टिंग टिंग करतात आणि म्हणतात, "चला, फुडं चला. मागची गाडी यायला लागली."

पेला सरोजाक्कांचा. टीव्हीही त्यांचाच. आमच्या इमारतीत आम्ही तिघं एका ओळीत राहतो. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला गायकवाड आणि मध्ये सरोजाक्का. आक्का तेलुगू विणकराच्या घरातल्या. नवरा यंत्रमागावर होता, तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला नोकरीला. कारखान्यातून टॉवेलचा गठ्ठा घरी आणायचा आणि कात्रीने सुटे धागे कापायचे, हे त्यांचं काम. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात, फक्त राग आला की तेलुगूत जातात. मालिका बघताना त्यांची नजर पडद्यावर आणि कात्री टॉवेलवर असते, पण टॉवेल कधी चुकून कापला गेला नाही.

मी त्यांच्याकडे जाते, कारण आमच्या घरी हे बातम्या लावून बसतात आणि त्या बातम्यांत चार माणसं एकदम ओरडत असतात. गायकवाड येतात, कारण त्यांचा टीव्ही बिघडलाय. त्यांची बायको गेली त्यानंतर थोड्याच दिवसांत तो बिघडला. "मेकॅनिकला सांगून ठिवलंय, येतो म्हनलाय," असं ते दर आठवड्याला सांगतात. तो मेकॅनिक अजून यायचाय. आक्कांनी त्यांना एकदाही विचारलं नाही, की बाबा, हा मेकॅनिक येतोय तरी कुठून. त्या नुसती खुर्ची सरकवतात आणि गायकवाड शर्टाच्या खिशातून खाऱ्या शेंगांचा पुडा काढून मध्ये ठेवतात.

एकदा आक्का चहा टाकायला आत गेल्या होत्या, तेव्हा गायकवाड मला म्हणाले, "मी सगळी नोकरी मुक्कामी गाडीवर काढली बगा. सांजच्याला सोलापूर सोडायचं, रात्री कुठल्यातरी गावात पडायचं, सकाळी परत. मालिका कशी असती ते मला ठाऊकच न्हवतं. आमची मंडळी बघायची आणि दुसऱ्या दिवशी जेवताना मला सांगायची. लई पटापट सांगायची. एका भाकरीत आठवडा उरकायची. हितं बघा, आठवड्यात भाकरीचा तुकडासुदिक मोडत न्हाय." एवढं बोलून ते जाहिरात बघत बसले. साबणाची होती.

तर असा हा माणूस. प्रेमाची गोष्ट रेंगाळली की त्यांचा जीव कासावीस होतो. आमच्या मालिकेत एक डॉक्टर होता आणि एक वकीलबाई. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, डॉक्टरच्या पेशंटांना, सगळ्यांना कळलेलं. फक्त त्या दोघांनी एकमेकांना सांगायचं राहिलेलं. गायकवाडांनी त्याचा अभ्यास करून ठेवला होता. "त्यानं तोंड उघडलं की फोन वाजतोय बगा," ते म्हणायचे, आणि वाजायचा. "आता हात धरतोय. पर धरायच्या आत ती आत्या चहा घिऊन येती का न्हाय बघा." ती यायचीच. कधी लिफ्ट बंद पडायची, कधी वकीलबाईला चक्कर यायची, कधी नुसतंच तिघांच्या तोंडावरून कॅमेरा आळीपाळीनं फिरायचा आणि ढगांचा गडगडाट व्हायचा. आणि सणावाराचा मोठा भाग असला की हमखास तोंडाशी आलेला घास परत ताटात. "आमच्या गाडीत असं केलं असतं तर पॅसेंजरनं मला मोहोळातच उतरवलं असतं," गायकवाड म्हणायचे आणि डबल बेल द्यायचे.

इतकी घाई दुसऱ्याच्या प्रेमाची. आता पुढचं ऐका.

आक्कांचा मुलगा बरेच दिवस मागे लागला होता, की आई, एकटी कशाला राहतेस, कायमची पुण्याला ये. आक्का आज-उद्या करत होत्या. शेवटी एकदा फोनवर म्हणाल्या, "ही मालिका संपली की येते." पोरगं खूश झालं. बिचाऱ्याला मराठी मालिकांचा अनुभव नव्हता. गायकवाड हे ऐकून पोट धरून हसले होते. "ही संपती व्हय? आक्का, तुमी लई हुशार," म्हणाले आणि डॉक्टरला दोन जादा बेल दिल्या.

आणि मग एका संध्याकाळी जाहिरात आली. पहिल्या पर्वाचा महाअंतिम भाग, येत्या शनिवारी.

"पर्व म्हंजी काय?" गायकवाडांनी मला विचारलं.

"म्हणजे संपली," मी म्हटलं. मला तरी काय माहीत.

आक्कांची कात्री थांबली. मग परत चालू झाली. "मग मुलाला कळवायला हवं," त्या म्हणाल्या. "रविवारी निघते म्हणून." त्या दिवशी शेंगांचा पुडा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर अंगठीची डबी खिशात घालून वकीलबाईच्या ऑफिसचा जिना चढत होता. मी डबल बेलची वाट बघत होते. आणि पेल्यावर एकच वाजली. टिंग.

"थांब गड्या," गायकवाड म्हणाले. "घाई काय हाय. आदी घरच्यांना इचार."

शेंगदाणा माझ्या घशात अडकायचा राहिला. मला वाटलं चुकून झालं असेल. कसलं चुकून. आठवडाभर सिंगल बेल. डॉक्टर हसला, टिंग. वकीलबाईनं गजरा माळला, टिंग. ज्या आत्याला त्यांनी इतके दिवस शिव्या घातल्या, तिचीच आठवण काढायला लागले. "ती आत्या कुटं मेली? चहा आणत न्हाय आजकाल." एकदा तर म्हणाले, "हिची आता स्मृती जायला पायजे. लई दिवस झालं, कुणाची स्मृती गेली न्हाय."

"कंडक्टर, तब्येत बरी आहे ना?" आक्का म्हणाल्या.

"मला काय धाड भरलीया," गायकवाड म्हणाले.

इकडे आक्कांची बांधाबांध चाललेली. तयार टॉवेलचा गठ्ठा कारखान्यात परत गेला, नवा आणला नाही. माळ्यावरची पेटी खाली आली. ती खाली उतरवली कुणी, तर गायकवाडांनी. स्टँडवर ओळखी काढून पुण्याच्या गाडीत खिडकीची जागा कुणी सांगून ठेवली, गायकवाडांनीच. वर सूचना. "मोहोळला चहा पिऊ नका, नुसतं गोड पाणी. टेंभुर्णीला खाली उतरा, पाय मोकळं करा. पदर खिडकीत अडकवू नका." आक्का सगळ्याला मान डोलवत होत्या. मला मात्र राग यायला लागला होता. अरे, माणूस जाऊ नये असं वाटतंय, आणि खिडकीची जागा कसली बघून देतोस? पण मी बोलणार कोण. मी आपली कडेची खोली.

शनिवारी गायकवाड इस्त्रीचा शर्ट घालून आले. डॉक्टर आणि वकीलबाई गच्चीवर उभे होते. डॉक्टर म्हणाला, "मला तुला काहीतरी सांगायचंय." कॅमेरा त्याच्यावर, तिच्यावर, परत त्याच्यावर. गायकवाडांच्या हातात चमचा होता, पण त्यांनी ना सिंगल दिली ना डबल. डॉक्टरनं तोंड उघडलं आणि त्याचा फोन वाजला. त्यानं फोन कानाला लावला, चेहरा पांढरा झाला, चित्र तिथंच थांबलं. खाली अक्षरं आली, दुसरे पर्व लवकरच.

मी कपाळावर हात मारला. घराघरात लोक चिडले असतील. एकटे गायकवाड खुलले होते.

"आक्का, संपली न्हाय," ते म्हणाले. "तुमी काय म्हनला हुता? संपली की जाते. ही तर संपली न्हाय."

"दुसरं पर्व कधी येईल कोण जाणे," आक्का म्हणाल्या. "तोवर मी इथं बसून काय करू?"

झालं. गायकवाडांनी तोंड उघडलं आणि मिटलं. कॉलर नीट केली. "त्याचं असं हाय," म्हणाले, आणि पुढं गाडी निघेना. आक्का त्यांच्याकडे बघत होत्या. मी फोनकडे बघितलं. तो वाजला नाही. कुठली आत्याही चहा घेऊन आली नाही. खरं तर मीच उठून जायला हवं होतं. जाहिरात लागली असती तर उठलेही असते. पण अशा ठिकाणी कोण उठतं?

आक्कांनी पेला पुढं ओढला. गायकवाडांच्या हातातला चमचा हळूच काढून घेतला. आणि वाजवला. टिंग टिंग.

"माजा टीव्ही बिघडलेला न्हाय," गायकवाड म्हणाले.

"माहीत आहे की," आक्का म्हणाल्या. "सकाळी तुमच्या बातम्या भिंतीतून ऐकू येतात. त्या लागल्या की मी भाकरी टाकते."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

गायकवाड खाली मान घालून शर्टाचं बटण चाचपत बसले. मग म्हणाले, "बातम्या बघवत्यात वो एकट्यानं. गोष्ट न्हाय बघवत. ती गेल्यावर मला कुनी सांगायला न्हाई आन ऐकायलाबी न्हाई. तुमी जाऊ नका, आक्का."

आणि आता फोन वाजला. मला आधी वाटलं टीव्हीतलाच. आक्कांच्या मुलाचा होता. आक्का तेलुगूत बोलल्या, पण रागात नाही. त्यांचं बोलणं होईपर्यंत गायकवाडांनी पुड्यातली एकही शेंग खाल्ली नाही.

"काय म्हनला?" त्यांनी विचारलं.

"विचारत होता, मालिका संपली का."

"मग?"

"सांगितलं, नाही संपली." आक्कांनी पेटीवर ठेवलेली कात्री उचलून परत आपल्या जागेवर ठेवली. "सोमवारी कारखान्यातून गठ्ठा आणायचाय. जड असतो. तुम्ही येता का?"

"येतो की," गायकवाड म्हणाले आणि पुडा माझ्यापुढं सरकवला.

मूठभर शेंगा घेऊन मी उठले. घरी आले तर हे अजून बातम्यांसमोर बसलेले. एरवी मालिकेचं नाव काढलं तरी नाक मुरडतात, पण आज त्यांनी आवाज कमी केला.

"शेवटचा भाग होता ना आज?" त्यांनी विचारलं. "काय झालं? बोलला का एकदाचा?"

"बोलला," मी म्हटलं.