भिंतीवरचा उष्टा नान

समोरची खोली यंदा आपणच रंगवावी असं मी ठरवलं, आणि तिथून सगळं सुरू झालं. मार्चमधला नवरोजचा सण आठवड्यावर आला होता. बायको, सनोबर, दिवसभरासाठी बहिणीकडे गेली होती. चाळीस वर्षं पाळणे करणाऱ्या सुताराला एका भिंतीला चुना लावता येऊ नये, असं काही नाही. (नंतर कळलं, की तसंच आहे.)

त्या भिंतीवर, खिळ्याला, पांढऱ्या फडक्यात बांधून आमच्या एल्योरचा नान टांगलेला होता. घरातलं माणूस दूर निघालं की ते एका नानाचा एक घास दातांनी तोडतं आणि उरलेला नान आम्ही भिंतीवर ठेवतो. परत आल्यावर त्यानेच तो संपवायचा. नान वाट बघतो म्हणून माणूस परततं. एल्योर रशियात इमारतींच्या कामावर गेला त्याला पाच महिने झाले होते. सनोबर रोज सकाळी त्या फडक्यासमोर उभी राहून दुआ मागायची. मी आपला नुसता बघायचो. एकच मुलगा आहे.

नान आधी उतरवून ठेवायला हवा होता. मी तो कुंचल्याच्या दांड्यानेच जरा बाजूला सारला. तो सुटला आणि फडक्यासकट चुन्याच्या बादलीत गेला.

मी बराच वेळ बादलीकडे बघत बसलो. मग तो नान बाहेर काढला. खाता येईना, टाकता येईना. अंगणातल्या जर्दाळूखाली खड्डा करून मी त्याला पुरलं आणि त्याची माफी मागितली. भिंत रिकामी दिसू नये म्हणून पाळण्यासाठी कापून ठेवलेली एक गोल फळी दुसऱ्या फडक्यात बांधून खिळ्याला लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सनोबरने त्या फळीसमोर दुआ मागितली. मला चहा गेला नाही.

घरच्या तंदूरचा नान उचलणं शक्य नव्हतं. तिला प्रत्येक नान तोंडओळखीने माहीत असतो. म्हणून मशिदीमागे जी विधवा रिसोलत नान विकते, तिच्याकडून मी एक घेतला. (आमच्या मर्गिलान शहरात एवढे लोक आहेत, पण त्या वेळी नेमकी आमची शेजारीण तिथे होती.) नान ताजा, मऊ. पाच महिन्यांचा दिसायला हवा म्हणून सुतारशाळेत शेगडीजवळ दोन दिवस वाळवला. लाकडासारखा कडक झाल्यावर लक्षात आलं, की याचा घास तोडायचा राहिला.

आधी पटाशीने प्रयत्न केला. पाळण्यावरच्या नक्षीसारखी सुंदर कमान निघाली. तेवढा भाग मोडून टाकला आणि अल्लाचं नाव घेऊन दातांनीच चावा घेतला. कट्‌ असा आवाज आला, पण तुकडा निघाला. तेवढ्यात फाटकाशी सनोबरची पावलं वाजली. मी धावत खोलीत गेलो, फळी काढली, नान बांधला, टांगला. चहा प्यायला बसलो तेव्हा समोरच्या दाताला कळ लागली. जीभ लावून पाहिली. दातावरची सोन्याची टोपी गेली होती. मी ती घासाबरोबर गिळली असणार.

त्या शुक्रवारी एल्योरचा फोन आला नाही. तो दर शुक्रवारी येतो. पुढच्या शुक्रवारीही आला नाही. त्याचा नंबर लावला तर बंद. सनोबर म्हणायची, काम असेल. मी काहीच म्हणायचो नाही. एक तर मला ठाऊक होतं की हे कोणामुळे झालंय, आणि दुसरं, तोंड उघडलं असतं तर दात दिसला असता.

पण दात तिने पाहिलाच. त्याआधी शेजारणीने आपलं काम केलं होतं. सनोबर ओरडली नाही. तिने माझ्यासमोर आपले दोन नान ठेवले आणि मी खातो का ते बघत बसली.

"रिसोलतचा नान मऊ असतो म्हणे," ती म्हणाली.

मी म्हणालो, मला काय ठाऊक.

"अहो, चाळीस वर्षं मी तंदूरशी भाजतेय. तुम्ही विकतचा नान आणता, तो घरी दिसत नाही. मग दातावरचं सोनं जातं. झाडाखाली माती उकरलेली. काय पुरलंत?"

"खत."

"खत," ती म्हणाली आणि उठून गेली. त्यानंतर मी सुतारशाळेत निघालो तरी ती फाटकापर्यंत येऊन बघायची, उजवीकडे वळतो की डावीकडे. मशीद डावीकडे आहे. मीही तिच्यावर नजर ठेवून होतो, ती फडकं सोडून बघते की काय म्हणून.

तिसऱ्या शुक्रवारी दुसऱ्याच नंबरवरून फोन वाजला. एल्योर होता. फोन हातातून सुटून सिमेंटच्या घमेल्यात पडला, म्हणाला. पगार झाल्यावर नवा घेतला. कधी पडला, मी विचारलं. सोमवारी, नवरोजच्या आधीच्या. मी बोटांवर मोजलं. बादली आणि घमेलं एकाच दिवशी. पोराला मी सुतारकाम शिकवायला गेलो. त्याने माझ्याकडून घेतलं काय, तर वस्तू पाडणं.

मे महिन्यात तो आला. गल्ली गोळा झाली, पुलाव चढला. सनोबरने नान उतरवला, फडकं सोडलं आणि थांबली. प्रत्येक नानबाईचा ठसा वेगळा. मधोमध रिसोलतचं फूल उमटलेलं होतं. सनोबरने माझ्याकडे पाहिलं. विकतचा नान कुठे गेला ते तिला कळलं; दोन महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा उजळला, आणि माझा पडला.

एल्योरने नान हातात घेतला. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट आहे. त्याच्या घासाच्या मधोमध एक उंचवटा राहतो. इथे नव्हता. तो माझ्या बंद तोंडाकडे बघत राहिला. सैन्यातून परत आलो तेव्हा मलाही असाच एक नान मिळाला होता, माझ्या तोंडाहून मोठ्या घासाचा. माझे वडील आपल्या बुटांकडे बघत उभे होते. मी काही विचारलं नव्हतं.

"माझाच आहे," एल्योर म्हणाला. मीही तेव्हा हेच म्हणालो होतो.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने कडेचा मोठा घास तोडला, चावला, थबकला. तोंडात बोट घालून काहीतरी काढलं आणि उन्हात धरलं. चकाकलं. सगळी गल्ली बघत होती.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "एवढा मात्र तुमचा."

शरदात तो पुन्हा निघाला. सनोबरने नान पुढे केला, त्याने घास तोडला. मग त्याने स्वतःच दुसरा उचलला, त्याचाही घास तोडला आणि तो नान आईकडे दिला. हा कुलुपात ठेव, म्हणाला.

"आणि तो?" तिने पहिल्याकडे बोट दाखवून विचारलं.

"तो भिंतीवर लाव. बाबांना पाडायला."