कोऱ्या फॉर्मवरचे आठ एमबी

गुरुवारी पाच वाजता सुहैबच्या घरची वडीलधारी मंडळी तमादुरच्या घरी मागणी घालायला जाणार होती, आणि दुपारी दोनला सुहैब ऑफिसात डोकं धरून बसला होता. त्याने लिहिलेला मिठाईवाल्याचा प्रोग्रॅम मोठी ऑर्डर आली की कोलमडत होता. "कुनाफा मिठाईची ऑर्डर गेल्याशिवाय जागचं हलायचं नाही," असं साहेब अबू नाएल यांनी बजावलं होतं. नवरदेवच गैरहजर म्हटल्यावर मुलीचे वडील काय म्हणतील, या विचाराने बिचारा सारखा घड्याळाकडे बघत होता.

प्रोग्रॅममध्ये बरीच कामं एकाच वेळी चालत. अशा प्रत्येक कामाला थ्रेड म्हणतात, आणि तो सुरू करताना त्याला स्टॅक नावाची स्वतःपुरती मेमरी नेमून देतात. ती कमी पडली की थ्रेड मान टाकतो. ती किती आहे, हे सुहैबने विचारून पाहिलं. उत्तर आलं, आठ एमबी. म्हणजे चिक्कार!

मग दोष दुसरीकडेच असणार, असं धरून त्याने मिठायांचे फोटो उडवले. भागेना, तेव्हा ऑर्डर घेण्याचा भाग नव्याने लिहिला. त्यात पिस्ते मागायची सोयच गेली आणि मिठाईवाल्याने फोनवर आकाशपाताळ एक केलं. शेवटी साडेचारला सुहैबने तमादुरला फोन लावला. कॉलेजात ती त्याच्याच वर्गात होती, आणि त्याच्यापेक्षा हुशार होती.

"निघालास ना?"

"आधी ऐक. स्टॅक आठ एमबी आहे, तरी पडतंय."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"नवीन सेटिंग तयार केली, तिच्यातून आकडा काढला."

"म्हणजे कोरा फॉर्म आणलास आणि त्यावर छापलेलं वाचलंस. अरे शहाण्या, जो थ्रेड चालू आहे त्याची सेटिंग मागव, मग तिच्यातला स्टॅक वाच. ठेव आता, मेकअपवाली ओरडतेय."

त्याने तसं केलं. पाव एमबी! ती चिंधी कोणी नेमून दिली म्हणून शोधलं, तर प्रोग्रॅममध्ये त्या ओळीशेजारी टीप सापडली: 'मेमरी वाचवली. सुहैब.' मग किती द्यावी, हे विचारायला त्याने आणखी दोनदा फोन केला. तेवढी दिल्यावर ऑर्डर गेली आणि तो धावत सुटला.

तो पोचला तेव्हा पावणेसहा झाले होते. मोठ्या काकांपुढे कॉफीचा पेला तसाच होता. होकार मिळेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो.

"हा बघा, आला," काका म्हणाले. "एवढा मोठा बिघाड, पण कोणालाही न विचारता एकट्याने निस्तरला पोराने."

तमादुरचे वडील अबू घस्सान यांनी सुहैबकडे सावकाश पाहिलं.

"हो, कळलं ना. आमची मुलगी अर्ध्या मेकअपवर तेच समजावत होती. ऐकून ऐकून मलाही स्टॅक समजला."

सुहैबने मान खाली घातली. काका पेल्याकडे बघू लागले; कॉफी तर निवत चालली होती.

"घ्या, कॉफी घ्या," अबू घस्सान म्हणाले. "मुलगी दिली. आता निदान तिला हे सगळं फोनवर समजवावं लागणार नाही, घरातच समजावेल."