चार पानांची होळी

"विरोध कसा करतात ते उद्या बघाच," असं अनंतराव बहिरटांनी सोसायटीच्या कट्ट्यावर ठणकावून सांगितलं, तेव्हा त्यांच्या खिशात एक कोरी काडेपेटी होती.

सोसायटीमागच्या मैदानावर कचरा जाळायची भट्टी उभारायचा प्रस्ताव आला होता. चिमणीची जागा बरोबर अनंतरावांच्या स्वयंपाकघरासमोर. त्यांच्या बायकोला, वासंतीबाईंना, दमा. शेजारी कुणी मिरचीची फोडणी दिली तरी त्यांना रात्र बसून काढावी लागे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भट्टी आली तर घर सोडा. वासंतीबाईंनी सांगितलं होतं, मी घर सोडणार नाही. आता भट्टीनेच जायला हवं होतं.

उपाय तर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. सरकारी कागद पटला नाही की आपण त्याची होळी करतो! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जागा पाहायला महापालिकेचे साहेब यायचे होते. त्यांच्या डोळ्यांदेखत प्रस्ताव जाळायचा, असं अनंतरावांनी ठरवून टाकलं.

त्यात त्यांची एक जुनी हौसही होती. सगळी नोकरी खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्यात झालेली. तिथे फाटकावरचा पहारेकरी रोज हात पुढे करून म्हणायचा, "काडेपेटी." असेल ती मुकाट्याने द्यायची. जन्मभर विस्तवापासून लांब ठेवलेल्या या माणसाला विस्तवाचं भारी कुतूहल. काय भडकतं, काय नुसतं धुमसतं, हिरवी ज्योत कशाने येते, हे प्रश्न त्यांना जेवताना पडत.

"धूर नको म्हणून धूर करणार?" वासंतीबाईंनी विचारलं.

"अगं, चार पानांचा धूर तो केवढा?"

"चारच पानं? अहो, त्यावर पापड भाजायचा नाही. साहेब हसतील."

हे मात्र अनंतरावांना लागलं. त्यांनी लगेच सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'उद्या मैदानात होळी. घरटी काहीतरी आणावे.' होळीला प्रत्येक घरचं काही पडावं ही आपली रीत. अनंतरावांच्या मनात एखादी ढलपी, एखादी गोवरी होती. लोकांच्या मनात माळे होते.

पहिल्यांदा तिसऱ्या मजल्यावरच्या पद्मजाताई आल्या. मागे गादी ओढत.

"काका, होळीत जुनं सगळं जातं ना?"

नाही म्हणायला अनंतरावांनी तोंड उघडलं खरं, पण काथ्याची गादी कशी जळते ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. "ठेवा," ते म्हणाले.

मग तुटकी कपाटं आली, चपला आल्या, कुणाच्या तरी लग्नातले थर्मोकोलचे खांब आले. शेवटी शेजारच्या गावठाणातला संपत ट्रॅक्टर घेऊनच आला.

"गोठा मोडलाय, त्याचं समदं हाय यात. दोन टायर बी हायेत. चालतंय न्हवं?"

"टायर कसा पेटतो रे?" अनंतरावांनी हळूच विचारलं.

"लावून बगा की."

साहेबांची वाट न बघता त्यांनी लावून बघितलं. प्रस्तावाची चार पानं तर भुर्रकन गेली, कुणाला दिसलीही नाहीत. मग कपाटं धडाडली. गादी धुमसली. एका चपलेतून खरोखर हिरवी ज्योत निघाली आणि अनंतरावांचा चेहरा उजळला. पाठोपाठ टायरचा काळा लोट उठला आणि थेट त्यांच्याच स्वयंपाकघरात शिरला.

खिडकीतून खोकला ऐकू आला. तो खोकला ते चांगला ओळखत होते. हिरवी ज्योत तिथेच टाकून ते धावत सुटले. वासंतीबाईंना धरून त्यांनी खाली आणलं, वाऱ्याच्या उलट्या बाजूच्या बाकावर बसवलं, औषधाचा पंप दिला. त्यांची पाठ चोळताना अनंतरावांना स्वतःची एवढी लाज वाटली, की होळीकडे बघवेना.

साहेब आले तेव्हा ज्वाळा बसल्या होत्या. साहेब म्हणजे इम्तियाज मुजावर, जन्मले-वाढले पुण्यातच, त्यामुळे आवाज चढवायची गरज पडत नसे. डोळे पुसत त्यांनी आधी राखेकडे पाहिलं, मग बाकावर धापा टाकणाऱ्या वासंतीबाईंकडे.

"किती कचरा होता?"

"ट्रॉलीभर," अनंतराव पुटपुटले. "शिवाय घराघरातला."

"आणि राख एवढीच?"

"दोन-चार घमेली होईल." या आवाजात थोडा अभिमान आलाच. इलाज नव्हता.

"हेच आम्ही सहा महिने तुम्हाला पटवतोय. तुम्ही तर करूनच दाखवलंत."

अनंतरावांना आता कळलं. आपल्याच हाताने भट्टी आणली! "साहेब, हिला दमा आहे हो," एवढंच ते कसंबसं बोलले.

"दिसतंय मला." साहेब स्वतःच खोकले. "चिमणी घातली तरी इथला वारा घरांकडेच येणार. जागा अयोग्य, असं कळवतो मी."

"म्हणजे आमच्या विरोधामुळे?"

"एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, बहिरट. तुमची भट्टी चालू असताना इथे आमची कशाला?" आणि साहेब नाकाला रुमाल लावून निघून गेले.

लोकांनी जयजयकार केला. पद्मजाताईंनी पुढची होळी कधी ते विचारून घेतलं, घरी अजून एक गादी होती म्हणे. अनंतराव गर्दीतून वाट काढत विजयी वीरासारखे बाकापाशी आले.

वासंतीबाईंचा श्वास आता ठिकाणावर आला होता. त्यांनी हात पुढे केला.

"काय हवंय? पाणी?"

"काडेपेटी."

अनंतरावांनी मुकाट्याने काढून दिली.