मशीनखाली गेलेलं 'समजा'

"औंदा भूगोलाला सोडत न्हाय म्हंजे न्हाय!" बिबीजानचाचीनं अख्ख्या गल्लीला बजावून ठेवलं होतं.

चाची नववीत असताना लग्न झालं आणि शाळा सुटली ती सुटलीच. आता नातवंडं झाल्यावर ती बाहेरून दहावीला बसली होती. बाकीचे विषय निघाले, भूगोल मात्र दोनदा उडाला. त्यावर तिच्या नवऱ्यानं, हुसेनचाचानं, भर चौकात पैज मारली. "पास झालीस तर दुकानावर 'हुसेन टेलर्स' पुसून 'बिबीजान टेलर्स' लिवतो!" आता शिवणकाम सगळं चाचीचं. चाचा नुसती मापं घ्यायचा आणि चहा प्यायचा. मग ती इरेला पेटणार नाही तर काय!

कॉलेजच्या रेडिओ केंद्रावर रोज दुपारी दहावीचा पाठ लागायचा. हात मशीनवर, कान रेडिओवर! मशीनच्या खडखडाटात ऐकू यावं म्हणून आवाजाचं बटण पार शेवटापर्यंत पिळलेलं. शिरोळच्या त्या गल्लीत कुत्र्यांनासुद्धा अक्षांश-रेखांश पाठ झाले होते.

त्या दिवशी मार्चचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. रेडिओवरचे सर म्हणाले, "समजा, कृष्णेला महापूर आला आहे." नेमकी त्याच क्षणी चाचीनं जीनच्या पँटची जाड शिवण मारली आणि सरांचं 'समजा' मशीनखाली गेलं! शेजारी पापड वाळत घालणाऱ्या पद्मावतीवहिनींना ऐकू आलं ते एवढंच : "कृष्णेला महापूर आला आहे. पाणी गावाकडे सरकतंय. जनावरं सोडा, उंच जागी चला!"

"अगं बाई! पूर आला की!" वहिनी किंचाळल्या.

समोर ट्रॅक्टर धुणारा विजयसिंह म्हणाला, "वैनी, मार्चात कुठला पूर?"

"धरणातनं सोडलं असंल! रेडिओ काय खोटं सांगतोय व्हय?"

शिरोळकराला पूर म्हटल्यावर दुसरा पुरावा लागत नाही. विजयसिंहानं पाइप टाकला, ट्रॉली जोडली. म्हशी सुटल्या, गाद्या चढल्या, वहिनींचे ओले पापडही चढले. मग तो चाचीच्या दारात उभा राहिला.

"चाची, उठा! पाणी आलं!"

"ये गप! धडा चाललाय!"

"जीव ऱ्हायला तर धडा!" असं म्हणून त्यानं रेडिओच उचलला. "ह्यो लागतोय, पाणी कुठवर आलं ते कळाय."

रेडिओ ट्रॉलीत गेला म्हटल्यावर चाचीही गळ्यात टेप आणि तोंडात टाचणी घेऊन मागं धावली. ट्रॉलीत बसल्यावर तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला : पूर आलाय तो नुसता धड्यातच! पण आता खरं सांगावं तर गलका होणार आणि उरलेला धडा बुडणार! गल्ली मोठी की भूगोल मोठा? चाचीनं तोंड शिवून घेतलं.

सगळ्यात शेवटी हुसेनचाचा धापा टाकत आला. कवेत 'हुसेन टेलर्स'ची पाटी!

"अवो, मशीन सोडून पाटी आणलीसा?" चाचीला राहवलं नाही.

"पाटी ऱ्हायली तर दुकान ऱ्हायलं!"

ट्रॉली माळावर पोचेपर्यंत कुणी हूं का चूं केलं नाही. सरांच्या आयुष्यात इतका शांत वर्ग कधी भरला नसेल. माळावर ट्रॅक्टर थांबला आणि सर म्हणाले, "विद्यार्थ्यांनो, पाठ इथं संपला. गृहपाठ : शेजाऱ्यांना घेऊन उंच जागी जायची रंगीत तालीम करा."

"विद्यार्थ्यांनो?" वहिनींनी डोळे वटारले. खाली कृष्णेच्या घोटाभर पाण्यात कुणीतरी निवांत मोटरसायकल धूत होतं.

"चाची, तुमास्नी ठावं हुतं?" विजयसिंह ओरडला.

"वाटंत कळलं. पर धडा अर्धा टाकून बोलू कशी? आन् चिडताय कशापायी? गृहपाठ झाला न्हवं सगळ्यांचा!"

तेवढ्यात रेडिओ पुन्हा खरखरला. "एक सूचना. आजचा पाठ यंदाच्या परीक्षेसाठी वगळण्यात आला आहे."

माळ हसून लोळला. सगळ्यात मोठ्यानं हुसेनचाचा हसला. चाचीच्या डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. अख्खी गल्ली उठवली, ती वगळलेल्या धड्यासाठी!

पण सरांचं अजून संपलं नव्हतं. "उद्याचा पाठ मात्र महत्त्वाचा. त्यावर प्रश्न हमखास येणार. विषय : भूकंप."

चाचीनं पदरानं डोळे पुसले आणि रेडिओ काखेत मारला.

"हसा, हसा! पर ती पाटी आता भिताडाला लावू नगासा. उद्या भूकंप हाय!"