रुसलेला लाल गोळा

"तीन मिनिटं! फक्त तीन मिनिटांत पार्टीला पटवून देतो की आपला रंग पक्का आहे. नाही पटवलं तर पंडित नाव लावणार नाही!"

पांडेसऱ्यातल्या एका रंगाई मिलच्या लॅबमधले पंडित सोनवणे आपल्या शेठला, म्हणजे विपुलभाईंना, असं छाती ठोकून म्हणाले. आता छाती ठोकण्यात पंडितरावांचा हात धरणारा अख्ख्या सुरतेत नव्हता, हे मान्यच करायला हवं.

प्रकरण तसं गंभीर होतं. दिल्लीचे मल्होत्राजी मिलचं मोठं गिऱ्हाईक, आणि त्यांच्या मागच्या मालाचा लाल रंग पहिल्याच धुण्यात सुटला होता. ते गुरुवारी हिशेब विचारायला येणार होते.

"पंडितभाई," विपुलभाई म्हणाले, "पार्टी मानी जाय तो लॅब इन्चार्ज तमे! एसी केबिन साथे!"

झालं! केबिन मिळायच्या आधी ती मिळाल्याची बातमी अमळनेरला सासूबाईंकडे, सरलाबाईंकडे, पोचलीसुद्धा. पोचवली अर्थात जावईबापूंनीच.

रविवारी दुपारी त्यांनी कॉम्प्युटरवर चित्रफीत बनवली. पांढरी दोरी म्हणजे सुताचा धागा, निळे गोळे म्हणजे पाण्याचे रेणू, लाल गोळे म्हणजे रंगाचे रेणू. माणसाची नजर हलत्या गोष्टीकडे जाते, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं. म्हणून सगळं स्थिर ठेवून एकच लाल गोळा हलवला. तो डुलत डुलत आला आणि त्यानं दोरी घट्ट धरली.

त्यांच्या पत्नी उज्ज्वलावहिनींनी भाजी निवडता निवडता बघितलं. "कळलं की हो! रंग धाग्याला धरून बसतो. छान झालंय. आता हात लावू नका."

शहाण्या माणसानं इथे कॉम्प्युटर बंद केला असता. पण पंडितरावांची खरी ख्याती वेगळीच होती. सोसायटीतल्या खानदेशी लग्नांच्या निमंत्रणाचे व्हिडिओ तेच बनवायचे! त्यात गणपती फिरायचा, गुलाब पडायचे आणि झाडून सगळ्या काका-मामांची नावं उड्या मारायची. एका फुव्याचं, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचं, नाव नुसतं उभं राहिलं, तर फुवा लग्नाला यायचा नाही. अशा पंधरा वर्षांच्या कमाईचा माणूस एकच गोळा हलवून गप्प कसा बसेल?

"बाकीच्यांनी काय पाप केलं?" असं म्हणून त्यांनी निळे गोळे नाचवले. दोरी झोक्यासारखी हलवली. पहिल्या गोळ्यासकट छत्तीस लाल गोळे गरगर फिरवले. मुख्य गोळ्यावर उडता बाण सोडला, वरून मिलचं नाव लखलखतं केलं.

"अहो, ही हळद आहे की रंगाई?" वहिनींनी विचारलं.

"तुला त्यातलं नाही कळायचं!"

गुरुवारी चित्रफीत सुरू झाली. पडद्यावर नुसता गोंधळ! पंडितराव काठीनं मधला गोळा दाखवत होते, "देखिए, ये पकड़ा! देखिए, ये पकड़ा!" आणि मल्होत्राजी बघत होते भलतीकडेच.

"वो कोने में लाल वाला कौन है?"

पंडितरावांनी मान वळवली. खालच्या कोपऱ्यात सदतिसावा लाल गोळा! त्याला हलवायचं राहूनच गेलं होतं. एवढ्या धांगडधिंग्यात तो एकटाच मांडवात रुसलेल्या जावयासारखा ढिम्म उभा होता. आणि आता खोलीतल्या प्रत्येकाला तेवढाच दिसत होता!

"वो... वो पानी में है, सर."

"धागे को नहीं पकड़ा?"

"वो... अभी नहीं."

"मतलब छूटा हुआ रंग! मेरे ग्राहकों की बाल्टी में यही निकला था!"

विपुलभाईंचा चेहरा कोऱ्या कापडासारखा झाला. पंडितरावांनी काठी खाली ठेवली. केबिन गेली, ऑर्डर गेली, कदाचित नोकरीही!

पण मल्होत्राजी एकदम हसले. "आदमी सच्चा है! पहली मिल देखी जो खुद दिखाती है कि कच्चा रंग कहाँ बचता है. ऑर्डर पक्का. बस, दो गरम धुलाई ज़्यादा. और ये साहब खुद मशीन पर खड़े रहेंगे, जब तक वो लाल वाला निकल न जाए."

विपुलभाईंनी आनंदानं टाळ्या वाजवल्या. पंडितरावांनी हळूच विचारलं, "शेठ, आणि ती केबिन?"

"पछी जोईशुं!" म्हणजे, नंतर बघू!

तेव्हापासून पंडितराव रोज आठ तास धुलाईच्या मशीनपाशी वाफेत उभे असतात आणि बाहेर पडणारं पाणी बघतात. परवा तिथेच सरलाबाईंचा फोन आला.

"जावईबापू, एसी फार थंड ठेवू नका हो, सर्दी होईल!"

पंडितरावांनी बाहीनं घाम पुसला. "नाही आई, कमीच ठेवलाय."

"आणि तो फुस्स फुस्स आवाज कसला येतोय?"

"एसीचाच, आई! जरा मोठा आहे."