पाण्याजवळचे लोक

"रश्श्यात मटण कुठाय? नुसतं पाणी!" म्हातारा हॉस्किन वाडग्यात चमचा फिरवत पुटपुटला.

शेजारी बसलेल्या त्याच्या वहिनीनं, डेल्फीननं, ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

लोकशाहीचा पाया पोटात असतो. अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींच्या स्वायत्त राष्ट्राच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराने प्रथम मतदारांस जेवू घालावे, मग आई, बाप आणि दोन्ही आजोबांची अशी आपली चार कुळे सांगावीत, आणि शेवटी नळाचे आश्वासन द्यावे, असा शिस्तशीर क्रम आहे. (क्रम आजवर चुकलेला नाही. नळ तेवढा यायचा आहे.) कुळे आधी सांगण्यात मोठी सोय असते. एकदा नाते लागले की कामाचे विचारणे असभ्य ठरते. घरच्या माणसाला कोण जाब विचारतं?

उमेदवार मार्विन क्लाह उठले. "माझी आई पाण्याजवळच्या कुळातली!" त्या एका वाक्यासरशी निम्मं सभाघर त्यांच्या आया आणि मावश्या झालं. डेल्फीनही त्याच कुळातली, म्हणजे रीतीनं आईच. (पाण्याजवळचे हे लोक पिकअपवर टाकी लादून दीड तासावरून पाणी आणतात. कुळाचं नाव जुनं आहे, त्याला बोल लावता येत नाही.)

"आई, तुझ्या दारात नळ आणीन!" मार्विन तिच्याकडे बघून म्हणाले. टाळ्या पडल्या.

डेल्फीनच्या डोळ्यांपुढे मात्र मेंढ्या होत्या. सभाघराचा नळ कोरडा म्हणून सकाळी मार्विनची माणसं तिच्याच दारी आली होती. "मुलाच्या जेवणाला तेवढं पाणी दे, आई." तिनं टाकी रिकामी करून दिली. पिकअपचा आस मोडलेला. मेंढ्या सकाळपासून तहानलेल्या. हे साऱ्या सभाघराला ठाऊक होतं, म्हणूनच जो तो वाडग्यात बघून जेवत होता.

"कुणाला काही विचारायचंय?" मार्विननी विचारलं.

"विचार की, वहिनी," हॉस्किन कुजबुजला.

"मुलगा आहे रे. काय विचारू?"

"मग मेंढ्यांनाही कुळं सांग. तहान भागेल."

डेल्फीन उठली. "मार्विन, बाळा, तुझ्या रश्श्यात माझ्या मेंढ्यांचं पाणी आहे."

चमचे थांबले.

"आई, एकदा निवडून येऊ दे, मग..."

"तुझ्या आधीचा अध्यक्ष माझा भाचा होता. त्याच्या आधीचा मामा. तुझा काय दोष, बाळा?" तिनं सभाघरावरून नजर फिरवली. "आम्ही नळाला मत दिलंच कधी? नातेवाईक मागितला. तो दर वेळी मिळाला."